लेथ मोकळा उभा राहिला तर राहू द्या

वाचकांची पत्रं, शॉपफ्लोअरवरची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग म्हणजे ओतीव नग येतात, मशीनिंग करून आम्ही पुण्याच्या कंपनीला पाठवतो. तीन लेथ (नग फिरवून कातणारी मशीनं), दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीनं), मग ड्रिलिंग-टॅपिंग, धुणं आणि तपासणी. दोन शिफ्ट. महिन्याला साधारण २,३०० नग, पार्ट अकरा. सरासरी वेळ धराल तर लेथवर १० मिनिटं, व्हीएमसीवर १४, ड्रिलिंगला ५, तपासणीला ३. एकही मशीन मोकळं नसतं, तरी दर आठवड्याला कंपनीचा फोन, हवा तो पार्ट आला नाही म्हणून. मग चालू जॉब उतरवून अर्जंट चढवायचा. मागच्या महिन्यात मोजदाद केली तेव्हा अर्धवट नग १,८०० निघाले. कंपनी पक्कं शेड्यूल सात दिवस आधी देते, त्याच्या आधीचं नुसतं अंदाजाचं. मुलगा म्हणतो तिसरा व्हीएमसी घेऊ, बँक तयार आहे. वडील म्हणतात, आमच्या वेळी एवढ्याच मशीनवर दुप्पट माल निघायचा. काय करावं?

उत्तर : दादा, बँकेच्या कागदावर सही करायची घाई करू नका. तुम्ही सगळे आकडे नीट लिहिलेत, त्यामुळे मला तुमचं शॉप डोळ्यांसमोर दिसलं. मी तुमच्याच एमआयडीसीत १९९३ ला स्टोअर क्लार्क म्हणून लागले आणि २०२० ला पीपीसी प्रमुख म्हणून निवृत्त झाले. पीपीसी म्हणजे कुठला माल कधी, कुठल्या मशीनवर, किती करायचा हे ठरवणारं आणि ठरल्याप्रमाणे होतंय का ते बघणारं खातं. तुमचा प्रश्न मशीनचा कमी आणि या खात्याचा जास्त आहे.

शॉपमध्ये १,८०० नग आहेत. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज ९२ नग बाहेर पडतात. १,८०० ला ९२ ने भागा. आज आत आलेलं कास्टिंग साडेएकोणीस दिवसांनी गाडीत चढणार. त्यावर खरं काम ३२ मिनिटांचं. बाकी सगळे दिवस ते कुठल्या ना कुठल्या मशीनपुढे रांगेत बसून आहे. आत साठलेला माल, तो बाहेर पडायचा वेग आणि त्याचा मुक्काम या तिघांचं हे नातं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केलं. ते बँकेच्या रांगेला लागू पडतं, दवाखान्याला पडतं, तुमच्या शॉपलाही पडतं.

आता सात दिवसांचं शेड्यूल घ्या. तुम्हाला वीस दिवस लागतात. म्हणजे आज लेथवर चढवलेला पार्ट कंपनीला खरंच हवा आहे का, हे तुम्हाला तेरा दिवसांनी कळणार. तोवर तुम्ही अंदाजावरच काम करताय. अंदाज चुकला की न मागितलेला माल तयार असतो, आणि मागितलेला कुठेतरी ढिगाखाली सापडतो. अर्जंट तिथून येतो. फोन करणाऱ्या पोराला दोष देऊ नका, त्याच्याही डोक्यावर लाइन थांबायची टांगती तलवार असते.

हा वीस दिवसांचा मुक्काम येतो कुठून? साडेसात तासांच्या दोन शिफ्ट म्हणजे एका मशीनची ९०० मिनिटं. सेटिंग म्हणजे दुसऱ्या पार्टसाठी मशीन जुळवणं, टूल बदलणं, बिघाड यात पाचवा भाग गेला असं धरू. दोन व्हीएमसींवर दिवसाला १०२ नग बसतात. तीन लेथवर २१६. व्हीएमसी पचवतो त्याच्या दुप्पट लेथ काढू शकतात. आणि तुम्ही अभिमानानं लिहिलंय की एकही मशीन मोकळं नसतं. दादा, रोग इथेच आहे. कास्टिंग दिसलं की लेथवाला ते घेतो, पुढच्या महिन्याचंही घेतो, आणि सगळं जाऊन व्हीएमसीपुढे बसतं. तुमचे लेथवाले नगावर, म्हणजे नगामागे मजुरीवर असतील, आपल्याकडे बहुतेक असतात, तर ते जो पार्ट हाताला सोपा तोच आधी उरकणार. त्यांचं काही चुकत नाही. आपण पैसे कशाचे देतो त्यावर माणूस काम करतो.

पीपीसीतला माझा दुसराच पावसाळा होता. मी मॅनेजरना सांगितलं होतं की शॉपमध्ये आठ दिवसांचाच माल आहे, मालाबरोबरची तारखेची कार्डं तसं सांगतात. एक म्हातारे मिस्त्री मला बोलावून घेऊन गेले. म्हणाले, "बाई, कागद ऱ्हाऊ दे, ह्ये बघा." रांगेतला एक एक नग त्यांनी सुती वेस्टनं पुसून दाखवला. कालच टर्निंग (लेथवर कातणं) झालेला फेस राखाडी, चकचकीत, बोटाला तेलकट. त्याच्या मागचा मळकट झालेला, बोअरच्या कडेला पिवळसर ठिपके. भिंतीकडच्या ओळीतले नग पार तांबडे, बोट फिरवलं की बोटाला विटकरी रंग लागायचा. "ह्यो सोमवारचा. ह्यो मागल्या आठवड्याचा. आन् ह्यो बेंदराच्या आधीचा." बेंदूर होऊन तेव्हा महिना होत आला होता. कार्डावर सगळे नग एकाच तारखेचे होते, कारण मागे पडलेल्या नगांची कार्डं कुणीतरी नव्यानं लिहिली होती. त्या दिवसापासून मी आधी माल बघते, मग कागद. तुम्हीही या पावसात भिंतीकडची ओळ बघून या.

आता करायचं काय. वीस नग बसतील अशा तीस ट्रॉल्या बनवून घ्या, उद्यमनगरात अँगलच्या सहज होतील. तीस ट्रॉल्या, सहाशे नग. ९२ ने भागा, साडेसहा दिवस होतात, म्हणजे तुमच्या पक्क्या शेड्यूलच्या आत. नियम एकच: अर्धवट माल ट्रॉलीबाहेर, फरशीवर ठेवायचा नाही. गाडी भरून ट्रॉली रिकामी झाली की ती परत स्टोअरच्या दारात येते, तेव्हाच नवं कास्टिंग आत. ट्रॉली नाही तर कास्टिंग नाही, मग लेथ मोकळा उभा राहिला तरी चालेल. टोयोटात ताइची ओनो यांनी कानबान ही कार्डांवर चालणारी पद्धत बसवली तिचं मूळही असंच साधं आहे. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत त्यांनी घेतली: गिऱ्हाइकानं फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. त्यांनी कार्ड वापरलं, तुम्ही ट्रॉली वापरा.

१,८०० वरून ६०० वर यायला दोन-अडीच आठवडे लागतील. त्या काळात ज्या पार्टचा अर्धवट माल आधीच पडून आहे तो लेथवर चढवायचाच नाही. हे दिवस जड जातील. लेथवर माणसं उभी दिसतील आणि वडील तुमच्याकडे बघतील. या काळात नगावरच्या माणसांची मजुरी बुडू देऊ नका. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून तेवढी रक्कम पक्की द्या, आणि पुढे बक्षीस ठरवायचं तर वेळेत गेलेल्या मालावर सगळ्यांना मिळून ठरवा. हे पैसे वाचवायला गेलात तर पहिल्याच आठवड्यात रात्री कुणीतरी फरशीवर माल काढून ठेवेल.

आणि मोकळा झालेला लेथवाला व्हीएमसीवर न्या. जेवणाच्या अर्ध्या तासात व्हीएमसी बंद असतो ना? तेवढ्यात लोडिंग-अनलोडिंग करायला त्याला शिकवा. दोन शिफ्ट, दोन मशीन मिळून रोजची १२० मिनिटं, म्हणजे आठ नग. आठ नग थोडे वाटतील, पण आज तुमचा व्हीएमसी ९० टक्के भरलेला आहे. रांगेचं ढोबळ गणित असं, की मशीनचा भरलेला भाग मोकळ्या भागानं भागायचा, वाट बघणं त्या पटीत वाढतं. ८० टक्क्यांना चार, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. ते आठ नग वाढले की तुम्ही ८४ टक्क्यांच्या आसपास येता, आणि नऊचे पाच होतात. नवा व्हीएमसी न घेता.

लेथ आणि व्हीएमसीच्या मध्ये एक माणूस उभा करा. टर्निंग झालं की ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या हवेची भोकं, उघडे पडतात, ते तिथेच बघून नग बाजूला काढा. खराब कास्टिंगवर व्हीएमसीची चौदा मिनिटं घालवणं मला तेव्हाही सहन व्हायचं नाही, आजही होत नाही. अर्जंटसाठी एकच ट्रॉली लाल रंगवा. दुसरा अर्जंट आला तर पहिला गाडीत चढल्याशिवाय त्याला लाल ट्रॉली मिळणार नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरं असणार. फक्त त्यांना विचारा, तेव्हा पार्ट किती होते? दोन-तीन पार्ट असले की सेटिंग आठवड्यातून एकदा. अकरा पार्टना ते रोज बदलावं लागतं. आधीचा जॉब चालू असतानाच पुढच्या जॉबचं फिक्श्चर (नग पकडून ठेवणारा साचा), टूल, गेज सगळं मशीनशेजारी मांडून ठेवायला त्यांनाच सांगा, जुन्या माणसाचा त्यात हात बसलेला असतो. सहा महिन्यांनी १०२ च्या वर मागणी गेली तर मुलाला व्हीएमसी खुशाल घेऊ द्या.

प्रश्न : ताई, सुभाषनगरात आमचं चपलांचं घरचं काम आहे. मी फोनवर ऑर्डर घेते. पाच मापं, सहा डिझाइन, दोन रंग. वडील त्यांच्या अंदाजानं डझनावारी करून ठेवतात, पण गिऱ्हाइकाला नेमकं नसलेलंच हवं असतं. हे पीपीसी आमच्यासारख्यांना उपयोगाचं आहे का?

उत्तर : बाळ, आहे. तुम्ही आज साठ प्रकारची तयार चप्पल साठवायला बघताय, ते कुणालाच जमायचं नाही. जोड कुठल्या टप्प्यापर्यंत सगळ्यांना सारखा असतो ते बघ. तळ फक्त मापानं बदलतो, म्हणजे पाच प्रकार. वरचा पट्टा डिझाइन आणि रंगानं बदलतो, म्हणजे बारा. हे सतरा प्रकार करून ठेवा आणि ऑर्डर आल्यावर जोडा. पट्टा मोठ्या मापाचा कापून ठेवून शेवटी बेतता येतो का, हे वडिलांना विचार, त्यांचा हात सांगेल ते खरं. तळाचं काम मात्र जूनच्या आधी जास्तीचं उरकून घ्या, आपल्या पावसात चामडं वाळत नाही. आणि तारीख देताना आज हातात किती जोड अपुरे आहेत ते मोजून दे. वडील दिवसाला चार जोड करत असतील आणि वीस बाकी असतील तर "परवा देते" म्हणू नकोस.

प्रश्न : कागलला आमचा कारखाना आहे. कंपनीचा ऑडिटर सांगून गेला की तयार मालाचा साठा शून्यावर आणा. पुरात काय करायचं?

उत्तर : त्यांचं म्हणणं वर्षातले दहा महिने ऐका. जुलै-ऑगस्टमध्ये नाही. तुमचा माल पुण्याला जायला पंचगंगा ओलांडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५० फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस गाड्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. आमचा तयार माल नदीच्या अलीकडे, गिऱ्हाईक पलीकडे. त्या आठवड्यातले फोन मी विसरलेले नाही.

पहिल्या पत्रात मी साठा कमी करा म्हटलं आणि इथे ठेवा म्हणतेय, ते दोन्ही खरं आहे. तिथला साठा मशीनच्या मधला, कुणी न ठरवता साठलेला. हा साठा तयार मालाचा, किती, कुठे, कधीपर्यंत हे ठरवून ठेवलेला. टोयोटासारख्या कंपनीनंही जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. ऑडिटरना हे उदाहरण सांगा, ते ऐकतील.

जूनअखेर सात दिवसांचा तयार माल पुण्याकडच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये पोचवा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून तो वापरून संपवा. नियोजनाच्या फळ्यावर जुलैपासून एक रकाना वाढवा: राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३५ झाली की तयार असेल तेवढा माल त्याच दिवशी काढायचा, गाडी अर्धी भरली तरी, कारण ३९ नंतर ट्रान्सपोर्टवाला गाडी देईलच असं नाही. ४३ झाली की नदीपलीकडचे कामगार येणार नाहीत असं धरून शिफ्ट मांडायची, आणि जे आलेत त्यांना संध्याकाळी वेळेत घरी सोडायचं.

पातळी लिहायचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. आमच्याकडे ते गेटवरचे वॉचमन करायचे. त्यांचं घर प्रयाग चिखलीला, पाणी चढायला लागलं की त्यांना आमच्या आधी कळायचं.