माळढोकाला उडता येतं ना, मग तो विजेच्या तारेला कसा धडकतो?

तुम्ही विचारलंय की एवढी मोठी तार समोर असून चुकवता येत नाही, पक्षी इतका बावळट आहे का. बावळट नाही हो, डोळे बाजूला आहेत त्याचे. चरताना चौफेर नजर, मागून कोल्हा आला तरी कळेल, पण नाकासमोरचं कमी दिसतं, त्यात उडताना खालची जमीन बघत जाणार आणि नराचं वजन १०-१५ किलो, म्हणजे तार दिसली तरी ऐनवेळी वळणार कसा? मोकळ्या माळावर इतक्या पिढ्या काढल्या, हवेत आडवं यायला काही नव्हतंच.

बरं एक मेला तर दुसरा लगेच येतो असंही नाही. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे भानगड नाही. नर मदतीला शून्य, तो तिकडे गळ्याची पिशवी फुगवून हूम हूम करत मिरवणार. इकडे ते अंडं कुत्र्याच्या तोंडी गेलं की झालं.

आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे. मी दोनदा गेलोय, काळवीट भरपूर दिसले, पायमोज्यात कुसळं इतकी रुतली की घरी येऊन मोजे फेकून दिले, माळढोक काही दिसला नाही. माझा राग खरं तर 'पडीक' या शब्दावर आहे. माळ दिसला की पडीक म्हणायचं आणि झाडं लावत सुटायचं, अरे माळढोकाला झाडी नकोच आहे, लांबवर दिसेल असं गवत हवंय!

आता माळढोक सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रकरण समितीकडे दिलं, कारण सोलर-पवनचक्क्यांची वीज त्याच भागातून न्यायचीय. पक्ष्याला तार लांबून दिसावी म्हणून तारांवर चकत्या लटकवतात, थोडा फरक पडतो म्हणे, पण मला तो तात्पुरता इलाज वाटतो. जैसलमेरजवळ सम इथे माळावरची अंडी आणून मशीनमध्ये उबवतात, ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं, हे मात्र भारी काम आहे.

बघायचाच असेल तर तिकडे डेझर्ट नॅशनल पार्कला जा, आणि दिसला तर फोटोसाठी गाडीतून उतरून मागे धावू नका प्लीज.