तीन तालुक्यांची ऑइल एजन्सी आणि वडिलांचं घर

प्रश्न : वय ४३. कराडमध्ये स्पेअर पार्टच्या दुकानात चौदा वर्षं काउंटर सांभाळतो, पगार ३२ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, १४ हजार. मुलगी दहावीत. इंजिन ऑइलच्या एका मोठ्या कंपनीची कराड, पाटण, कडेगाव या तीन तालुक्यांची डिस्ट्रिब्युटरशिप मिळतेय. वर्षभर हा एरिया रिकामा आहे. खर्च २७ लाख : माल १२, बाजारातली उधारी ८, डिपॉझिट २, जुना छोटा हत्ती साडेतीन, गोडाऊन दीड. ९ लाखांची एफडी मोडतो आणि १८ लाख वडिलांच्या नावावरच्या घरावर काढतो (साडेदहा टक्के, ७ वर्षं). कंपनीचा माणूस म्हणतो, महिना १० लाखांची विक्री, ७ टक्के मार्जिन, वर स्कीम (विक्रीवरची जादा सूट). मित्र म्हणतात, इलेक्ट्रिकच्या जमान्यात ऑइलमध्ये कोण पडतं? की याच पैशांत ऑइल कंपन्यांचे शेअर घेऊ?

उत्तर : इलेक्ट्रिक गाड्यांनी तुम्ही बुडणार नाही. बुडालात तर उधारीनं बुडाल. म्हणून धंद्याला माझा विरोध नाही, पण २७ लाखांच्या या मांडणीला आहे.

मित्रांनी घाबरवलंय ते बाजारावरून, तेव्हा आधी ते बघू. इलेक्ट्रिकचा फटका बसणार, पण सगळ्या फळ्यांवर सारखा नाही. पहिली जाईल ती स्कूटरची ८०० मिलीची बाटली. २०२० साली चेतक विजेवर परत आली, त्यानंतर शहरातला स्कूटरवाला हळूहळू तिकडे सरकतोय. विद्यानगरला कॉलेज सुटताना तासभर उभे राहा, दिसेलच. पण ढेबेवाडीच्या बाजूला डेअरीत दूध घालायला जाणारी शंभर सीसीची मोटरसायकल, हायवेवरचा ट्रक, उसाचा ट्रॅक्टर, हे सगळं इतक्यात विजेवर जात नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ वर आला. आज शोरूममधून निघालेली पेट्रोलची गाडी पुढची दहा-बारा वर्षं ऑइल मागणारच. पेट्रोलमध्ये तुमच्याच भागातल्या उसाचं इथेनॉल २० टक्के मिसळलं म्हणून ऑइल सुटत नाही.

शिवाय तुमचा बाजार नव्या गाड्यांचा नाहीच. गाडी वॉरंटीत असेपर्यंत शोरूमला जाते आणि तिथं गाडीच्या कंपनीच्या नावाचंच ऑइल पडतं. वॉरंटी संपली, शोरूमचं बिल डोळ्यांवर यायला लागलं, की मग ती मेस्त्रीकडे येते. म्हणजे आज विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा खड्डा तुमच्या वहीत आणखी चार-पाच वर्षांनी दिसेल. तेवढी मुदत तुमच्याकडे आहे. सात वर्षांच्या कर्जाची शेवटची दोन-तीन वर्षं मात्र नेमकी त्या खड्ड्यात येतात, हेही लक्षात घ्या.

मला जास्त खुपते ती दुसरीच गोष्ट. गाड्या वाढतात, पण एकेक गाडी ऑइल कमी मागते. पूर्वी मोटरसायकलचं ऑइल दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलायचे, आता कंपन्याच पाच-सहा हजार सांगतात. कार दहा हजारांवर गेली. नव्या मोठ्या ट्रकला तर लाखाच्या आसपासचा पल्ला सांगतात, तिथं एकेकाळी वीस हजारांच्या आत बॅरल उघडायचं. आणि ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाड-पातळपणाचे प्रकार, वाढल्या. ट्वेंटी-फॉर्टी आणि फिफ्टीन-फॉर्टी या दोन डब्यांवर दुकान चालायचे दिवस तुम्ही पाहिलेत. एप्रिल २०२० ला धुराचा कडक नियम, बीएस-६, आला, डिझेल गाडीच्या सायलेन्सरला काजळीचा फिल्टर बसला. जुनं जास्त राखेचं ऑइल ओतलं की तो फिल्टर तुंबतो आणि गिऱ्हाईक मेस्त्रीच्या अंगावर येतं. नव्या पेट्रोल कारना झिरो-ट्वेंटी, झिरो-सिक्स्टीन असली पाण्यासारखी पातळ ऑइलं लागतात. प्रत्येक ग्रेड, प्रत्येक पॅक वेगळा ठेवायचा म्हणजे तुमचे बारा लाख फळीवर पसरणार, आणि त्यातले दोन-तीन लाख अशा डब्यांत अडकणार जे महिन्यातून एकदा विचारले जातात.

जमेची बाजू ट्रॅक्टर. तुमच्या भागात कृष्णा आणि सह्याद्री साखर कारखान्यांचं गळीत सुरू झालं की ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात. ट्रॅक्टरच्या इंजिनात सात-आठ लिटर, पण मागच्या हाउसिंगमध्ये, गिअर-हायड्रॉलिक-ब्रेकला, त्याच्या कितीतरी पट ऑइल लागतं. ऊसतोडणी यंत्रं वाढतायत, ती हायड्रॉलिक ऑइलचे बकेटच्या बकेट पितात, आणि पाइप फुटला तर मालक भाव करत बसत नाही, कारण फडात मशीन उभं असतं. कंपनीच्या माणसानं तुम्हाला चकचकीत कारचं पोस्टर दाखवलं असेल, पण तुमचे पैसे तिथं नाहीत.

आता वही उघडू. महिना १० लाख विक्री म्हणजे किती? डिस्ट्रिब्युटरचा सरासरी दर २८० रुपये लिटर धरला तर साधारण साडेतीन हजार लिटर. सव्वीस दिवसांनी भागा : रोज १३५ लिटर. मोटरसायकलला लिटरभर लागतं; बरं, ट्रक-ट्रॅक्टरनं निम्मं उचललं म्हणू, तरी उरलेल्यासाठी रोज साठ-सत्तर मोटरसायकलींत तुमचंच ऑइल पडायला हवं. तेही पंपावर सरकारी कंपन्यांचे सर्वो, मॅक, एचपी हात जोडून उभे असताना आणि कॅस्ट्रॉल, गल्फ मेस्त्रीच्या भिंतीवर आधीच रंगवलेले असताना.

तरी समजा दहा लाख झाले. सात टक्के म्हणजे ७० हजार. सेल्समन १८, ड्रायव्हर १४, डिझेल ९, गोडाऊनचं भाडं ८, हिशेबनीस-लाइट-फोन ५. झाले ५४ हजार. उरले १६ हजार. १८ लाखांचा हप्ता येतो ३० हजार ३५० च्या आसपास. म्हणजे कंपनीनं दाखवलेलं टार्गेट पूर्ण करूनही तुम्ही दर महिन्याला चौदा हजार घरातून घालणार, आणि पगाराचे ३२ हजार आधीच सोडलेले. स्कीमचे दोन टक्के धरले तर वीस हजार येतील, पण ते क्रेडिट नोटनं, म्हणजे रोख नाही, पुढच्या बिलातून वजा, आणि तीन महिन्यांनी. शिवाय शेजारच्या तालुक्याचा डिस्ट्रिब्युटर तीच स्कीम फोडून, म्हणजे स्वतःची सूट पुढं देऊन, तुमच्या गॅरेजवाल्याला स्वस्तात माल टाकेल, तेव्हा तुम्हालाही ती फोडावी लागेल. ती नफ्यात धरू नका.

आणि ते आठ लाख. दहा लाखांच्या विक्रीवर १८ टक्के जीएसटी धरून बिल निघतं ११ लाख ८० हजारांचं. आठ लाखांत वीस दिवसांची उधारी बसते. तुमच्या दुकानातून गॅरेजवाल्यांना किती दिवसांची जाते? काउंटर तुम्हीच सांभाळता, मला सांगायची गरज नाही. मी दीड महिना धरतो : १७ लाख ७० हजार रस्त्यावर, सुमारे ११ लाख गोडाऊनमध्ये. कंपनी मात्र पैसे मालाआधी किंवा आठवड्याभरात घेते. म्हणजे २० लाखांच्या जागी जवळपास २९ लाख फिरते लागतील. ही ९ लाखांची ओढ सहाव्या-सातव्या महिन्यात जाणवते, आणि तेव्हा माणूस सोनं गहाण ठेवायला निघतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे एक क्लायंट ऑइलचेच डिस्ट्रिब्युटर होते. गाव सांगत नाही. धंदा बंद करायचं ठरल्यावर ते लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. ६१ गॅरेजं. ३,४००, ७,८५०, ११,२०० अशा रकमा, मोठी एकही नाही. बेरीज नऊ लाखांच्या वर. काही नावांपुढं पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘फोन उचलत नाही’, ‘शटर बंद’, एका ठिकाणी नुसतं ‘वारला’. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात कोण जातं? माल रोकडीवर द्यायला गेलं तर मेस्त्री दुसऱ्या कंपनीचं झाकण उघडतो, त्यातलं मेस्त्रीसाठीचं बक्षिसाचं कूपन स्कॅन करतो, त्याचं काय अडतं! गाडीमालक तर कोणतं ऑइल ओतलं हे बघतही नाही, तो चहा पीत बाहेर उभा असतो.

तुमच्याकडं या गृहस्थांकडं नव्हती अशी एक गोष्ट आहे. चौदा वर्षं काउंटरवर उभं राहून कोण शनिवारी पैसे आणून देतो आणि कोण मागच्या दारानं जातो, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. कंपनीला तीन तालुके हवेत, तुम्हाला पंचवीस गॅरेजं पुरेत.

म्हणून मी असं करेन. तीन तालुक्यांऐवजी फक्त कराडचं सब-स्टॉकिस्ट (डिस्ट्रिब्युटरच्या हाताखालचा छोटा विक्रेता) म्हणून काम मागा, किंवा थेट लहान ठोक दुकान. माल चार लाखांचा : शंभर सीसीचं ऑइल, ट्रकचं फिफ्टीन-फॉर्टी, ट्रॅक्टरचं मागचं ऑइल, हायड्रॉलिक, ग्रीस, आणि बीएस-६ ट्रकला धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रावण. युरियात मार्जिन किरकोळ आहे, पण ट्रकवाला पुन्हा पुन्हा येतो. छोटा हत्ती विकत नको, आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं लावा. फिरत्या पैशासाठी हप्त्याचं कर्ज घेणं हीच मुळात चूक आहे. त्यासाठी कॅश क्रेडिट असतं, वापराल तेवढ्यावरच व्याज. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत १० लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, तुम्ही पाच लाखांची लिमिट मागा. स्वतःचे एफडीतले तीन लाख, त्याहून जास्त नाही. उरलेले सहा मुलीचे. दोन वर्षांनी बारावी होईल, तेव्हा प्रवेशाची फी ऑइलच्या बॅरलमधून काढता येत नाही.

शेअरचं उत्तरही यातच आलं. दोन वर्षांत लागणारे पैसे कुठल्याही एका शेअरमध्ये घालायचे नसतात. त्यातून बेस ऑइल, म्हणजे ज्यापासून इंजिन ऑइल बनतं ते तेल, मोठ्या प्रमाणात परदेशातून येतं, त्यामुळे कच्चं तेल आणि डॉलर हलले की या कंपन्यांचा नफा हलतो. गंमत एवढीच, की यातल्या चांगल्या कंपन्यांचे ताळेबंद स्वच्छ दिसतात, कारण बाजारातली उधारी तुमच्यासारख्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर असते.

एवढं वाचूनही पूर्ण एजन्सीच घ्यावीशी वाटली, तर सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या : न खपलेला माल किती दिवसांत आणि कोणत्या दरानं परत, भाव उतरला तर गोडाऊनमधल्या मालाचा फरक कोण सोसणार, स्कीमचा क्लेम किती दिवसांत, आणि एरियात दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही असं पत्र. मागच्या दोन वर्षांची गावनिहाय विक्री मागा. ‘देतो, देतो’ म्हणाले तर समजा, नाही देणार.

आणि एरिया वर्षभर रिकामा आहे म्हणता, तर आधीचा डिस्ट्रिब्युटर कुठे गेला? त्याला शोधा. कराडमध्येच असेल, कुठल्या तरी मेस्त्रीला त्याचं घर माहीत असणारच. त्याच्याकडं एक वही असेल, ती बघायला मागा. घर वडिलांच्या नावावर आहे म्हणजे तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर त्यांच्याशीही बोलायला हवं, बँकेचा वकील विचारण्याआधी. राजीनामा तोवर खिशातच राहू द्या. तो जुना डिस्ट्रिब्युटर काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.