पोर्टफोलिओत मिश्र माध्यमातली चित्रं ठेवावीत का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीएफएचं, म्हणजे कलेतल्या पदवीचं, शेवटचं वर्ष आहे, एमएफएच्या, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, लावायचाय. कोळसा, शाई, कोलाज, शिलाई असं सगळं एकाच कागदावर आणलेली चित्रं तुला सगळ्यात जवळची आहेत. पण वर्गातली मुलं म्हणतात, "ती ठेवलीस तर ड्रॉइंग येत नाही म्हणून चिकटवाचिकटवी केली असं वाटेल." मग ती ठेवावीत का, आणि ठेवायची तर किती?

विद्यार्थ्याशी बोलतेय म्हणून 'तू' म्हणते. मी कोल्हापुरात १८ वर्षं चित्रकला शिकवते आणि दर उन्हाळ्यात माझ्या घरच्या फरशीवर चार-पाच मुलांचे पोर्टफोलिओ पसरलेले असतात. त्या जोरावर सांगते: ठेव. जवळची आहेत ना, मग तीच मध्यभागी येऊ देत. फक्त प्रत्येक चित्रासमोर बसून एकदा स्वतःला विचार, की ही चिकटवलेली वस्तू काढून घेतली तर चित्राचं काय अडेल? काहीच अडत नसेल तर ते चित्र बाजूला काढ.

हा प्रश्न मला स्वतःला फार उशिरा पडला. तुझ्याच वयाची असताना मी एका कॉलेजात मुलाखतीला गेले होते. माझ्याकडे गावच्या विहिरीचं एक मोठं चित्र होतं. ॲक्रिलिकमधली विहीर आणि तिच्या काठावर खरीखुरी सुतळी चिकटवलेली. समोरच्या सरांनी विचारलं, "ही सुतळी इथे कशाला?" मी म्हटलं, "टेक्स्चरसाठी, सर." ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुन्या विहिरीच्या काठाला दोरानं खाचा पडलेल्या असतात. तुझ्या विहिरीला होत्या का?" मला सांगता येईना. त्या विहिरीवर मी लहानपणी शेकडो वेळा पाणी शेंदलं होतं, आणि खाचा आहेत की नाहीत हे मला आठवत नव्हतं. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. गावी गेल्यावर आधी विहिरीवर गेले. खाचा होत्या. एकेक बोटभर खोल, आणि उजवीकडच्या जास्त, कारण उतरायची पायरी त्या बाजूला होती. मी सुतळी चिकटवली ती बघायचं टाळण्यासाठी, हे तिथे उभी राहिल्यावर कळलं.

तुझ्या वर्गातल्या मुलांना हीच भीती आहे, फक्त त्यांनी ती सगळ्याच मिश्र माध्यमावर लावलीय. त्याला कारणही आहे. आपल्याकडे मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षांतून येतात. तिथे वस्तुचित्राचा पेपर वेगळा, स्मरणचित्राचा वेगळा, संकल्पचित्राचा वेगळा. मागे १८५७ मध्ये सुरू झालेल्या जेजेपासून, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेपासून, चालत आलेली, समोरचं हुबेहूब उतरवण्याची शिस्त आहे. ती मोलाचीच आहे, मी तीच शिकवते. पण त्यातून एक समज घट्ट बसतो, की आधी 'खरं' ड्रॉइंग आणि मग ज्याला जमत नाही त्याच्यासाठी कोलाज.

१९१२ साली पिकासोनं वेताच्या खुर्चीची जाळी छापलेला ऑईलक्लॉथ कॅनव्हासवर चिकटवला आणि लंबगोल चित्राला चौकटीऐवजी खराखुरा दोर गुंडाळला. त्याला वेताची जाळी रंगवता येत नव्हती असं कोण म्हणेल? छापलेली खोटी जाळी, रंगवलेला पेला आणि खरा दोर यांना शेजारी बसवून, यातलं खरं कोणतं हेच तो विचारत होता. बडोद्याचे भूपेन खख्खर १९६० च्या दशकात बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रं कापून कोलाज करत होते, कारण तो बाजारच त्यांना चित्रात हवा होता. आणि वासुदेव गायतोंडे बघ. १९४८ साली जेजेतून पदविका घेतलेला माणूस, पुढे रोलर आणि पॅलेट नाइफनं काम करायला लागला. फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी ते कॅनव्हासवर रंग ठेवत, उचलत. तो कागद चित्रात शिल्लक राहत नाही, त्याचा ठसा राहतो. वस्तू वापरायची म्हणजे ती चिकटलेलीच दिसली पाहिजे असं नाही, हे मला गायतोंड्यांकडून कळलं.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. नाव सांगत नाही. तिची आई घरी ब्लाऊज शिवायची. भिंतीला खिळा, आणि खिळ्याला खाकी कागदाची कटिंगं टांगलेली: पाठ, पुढचा भाग, बाही. प्रत्येकावर पेनानं गिऱ्हाइकाचं माप, कुठे 'छाती ३४', कुठे 'मुंढा सैल' (मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई). ही मुलगी आईचे हात काढायची. पांढऱ्या कार्ट्रिजवर, पेन्सिलनं, चांगले काढायची. एकदा घरात कागद संपला म्हणून तिनं एका जुन्या पाठीच्या कटिंगवर कोळशानं आईचा डावा हात काढला आणि दुसऱ्या दिवशी बिचकतच मला दाखवला.

त्या कागदानं तिचं अर्धं काम केलं होतं. खाकी रंग म्हणजे मधला टोन. पांढऱ्या कागदावर ती उजेड सोडत सोडत अंधार भरायची. इथे उजेडसुद्धा हातानं ठेवावा लागत होता, आणि तो तिनं आईच्याच मार्किंगच्या खडूनं ठेवला होता. बोटांच्या पेरांवर, नखावर, अंगठीच्या कडेला, बस. त्या कागदाची मुंढ्याची गोलाई मनगटापाशी येऊन थांबत होती. 'मुंढा सैल' ही अक्षरं तळहाताखालून दिसत होती. ती पुसावीत का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

पुढचे सहा महिने तिनं त्याच कागदांवर काम केलं. अडचणी खऱ्या होत्या. मार्किंगचे काही खडू मातीचे असतात, काही मेणाचे. मेणाच्या खडूवर कोळसा धरतच नाही, घसरतो. म्हणून आधी कोळसा, मग फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा), आणि खडू शेवटी, हा क्रम ठरला. नंतर तिला आईच्या खांद्याची रेघ शिलाईनं घालायची होती. कपड्याला लावतो तेवढा बारीक टाका कागदाला लावला की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि कागद त्या रेघेवर फाटतो. तिची दोन चित्रं अशी गेली. मग आईनंच सांगितलं, टाका मोठा कर आणि मागून मलमलीचा तुकडा लाव. दोरा काढून नुसत्या सुईनं भोकांची रेघ मारली तर ती खिडकीसमोर धरल्यावर उजेडाची दिसते, हेही तिला तिथेच सापडलं. यातली एकही गोष्ट काढली तर चित्र अडतं.

तुझ्या चित्रांचं पोर्टफोलिओत टिकणं ही वेगळी काळजी आहे, आणि इथे मुलं फार मार खातात. माझी त्या मुलाखतीची चित्रं ऑगस्टात, एकावर एक गुंडाळून, एसटीतून गेली होती. ऑईल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही. एका चित्राचा निळा दुसऱ्यातल्या बाईच्या गालावर उतरला होता. त्यामुळे ऑईल पेस्टल असलेलं प्रत्येक काम बटर पेपर मध्ये घालून सपाट ने, गुंडाळू नकोस. त्यावर पाण्याचा रंग बसत नाही हे तुला माहीत असेलच. रेघेवरून वॉश मुद्दाम ओघळून जायला हवा असेल तर पेस्टल आधी, नाहीतर अगदी शेवटी. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक लावू नकोस, पापुद्रे सुटतात.

वर्तमानपत्र चिकटवत असशील तर ते पिवळं पडणार हे धरून चाल. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि उजेडात ते रंग बदलतं. पिवळेपणा चित्राला हवा असेल तर उत्तम, नको असेल तर त्या पानाची चांगल्या कागदावर लेझर झेरॉक्स काढून ती वापर. इंकजेटची प्रिंट ओल्या गोंदाखाली फुटते. फेव्हिकॉल पातळ करून, पातळ थर देऊन लाव आणि वजनाखाली रात्रभर ठेव. कागद तरीही वाकत असेल तर पाठीमागून तसाच एक कागद चिकटव, दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. मुळात ३०० जीएसएमचा जाड कागद घेतलास तर निम्मा त्रास वाचतो. घरच्या खळीचा मोह मलाही होतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि कसर लागते. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात ते उगीच नाही.

हळद, चहा, बॉलपेन आणि स्केचपेनं जपून वापर. हळदीचा पिवळा उन्हात काही दिवसांत उडतो. माझ्या एका मुलानं जेजुरीचं चित्र भंडाऱ्यानं केलं होतं, कल्पना सुरेखच होती. खिडकीशी ठेवलेलं ते चित्र महिन्याभरात फिकं पडलं. त्यानं काय केलं, दर आठवड्याला त्याच जागी त्याच वेळी फोटो काढत गेला आणि ते फोटो चित्राबरोबर पोर्टफोलिओत ठेवले. हळद उडणं हाच त्याचा विषय झाला.

किती ठेवायची? संस्थेच्या माहितीपत्रकात आकडा असेल तर तोच, एक कमी नाही, एक जास्त नाही. नसेल तर मी १५ ते २० च्या वर जाऊ देत नाही. सुरुवातीला तीन-चार निखळ ड्रॉइंग्ज ठेव, समोर बसून केलेली: एखादा हेड स्टडी, हात, सीबीएसवरच्या (मध्यवर्ती बसस्थानकावरच्या) प्रवाशांसारखी रनिंग स्केचेस, म्हणजे हलत्या माणसांची झटपट काढलेली. हात बसलेला आहे हे त्यांना तिथेच कळतं, मग पुढच्या चिकटवण्याबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही. त्यानंतर मिश्र माध्यमातली कामं, पण सुटी सुटी नकोत. एका विषयाची पाच-सहा चित्रं एकत्र ठेवलीस तर तू त्या विषयाशी किती झटतोस किंवा झटतेस ते दिसतं. प्रत्येक माध्यमाचा एकेक नमुना ठेवलास तर दुकानातलं शेड कार्ड होतं. आणि स्केचबुक सोबत ने, फाटलेल्या पानांसकट. माझ्याकडे आलेल्या मुलांच्या मुलाखतींबद्दल ऐकते तेव्हा बहुतेक वेळा जास्त गप्पा स्केचबुकावरच झालेल्या असतात.

चित्राखाली नुसतं 'मिश्र माध्यम' लिहू नकोस. 'ब्लाऊजच्या कटिंगचा खाकी कागद, कोळसा, मार्किंगचा खडू, मशीनची शिलाई' असं लिही, माप आणि साल लिही. वाचणारा लगेच चित्राच्या जवळ येतो. फोटो पाठवायचे असतील तर खिडकीतल्या सावलीच्या उजेडात काढ, फ्लॅश नको, काच नको, मोबाईल कागदाला अगदी समांतर. उंचवटा असलेल्या कामाचा आणखी एक फोटो जवळून, उजेड एका बाजूनं पडेल असा काढ, नाहीतर दोरा आणि रंगवलेली रेघ यांत फरक कळत नाही.

आणि माउंट करताना चित्र पाठीमागून सगळं चिकटवून टाकू नकोस, फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्या लाव. त्या शिवणाऱ्या आईच्या मुलीच्या मुलाखतीत एका बाईंनी तिचं चित्र हातात घेतलं आणि उलटं केलं. पुढच्या बाजूला कोळसा, खडू, मापं, हात, सगळं होतं. मागे पांढऱ्या मलमलीवर बॉबिनच्या, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाच्या, लाल दोऱ्याची एकच रेघ होती, खांद्यापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून बोटांपर्यंत. घरात त्या दिवशी बॉबिनवर लालच दोरा होता. बाईंनी शेजारच्या सरांना बोलावलं आणि दोघं ती मागची बाजूच बराच वेळ बघत राहिले.