घोडा तयार, रूळ अर्धे

(मागच्या अंकात मुंबईच्या व्हिक्टोरियांवर, म्हणजे त्या जुन्या घोडागाड्यांवर, दोन ओळी काय लिहिल्या, ह्या महिन्यात सगळी पत्रं ट्रामचीच. त्यातली चार घेतलीयत.)

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी आयल ऑफ मॅनला असतो, इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं बेट. तिकडे डग्लस गावात समुद्राकाठाने अजून घोड्याची ट्राम चालते, त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवली, मस्त वाटलं बघून. पण म्हणाला, बाबा ही अर्धीच चालते, पुढचे रूळ झालेच नाहीत, गावातले लोक जाम वैतागलेत. आता मला सांगा, आमच्या बिल्डिंगसमोर मेट्रोचे पत्रे इतकी वर्षं होते तेव्हा आम्ही रोज म्हणायचो की परदेशात असं होत नाही. मग हे काय? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, होतं हो, तिकडेही अगदी असंच होतं. आणि मूळची अख्खी लाइन केवढी, तर दीड मैलाच्या वर थोडीशी, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास, आपला मरीन ड्राइव्ह त्याहून लांब आहे.

ही ट्राम ७ ऑगस्ट १८७६ ला सुरू झाली, थॉमस लाइटफूट नावाच्या रिटायर्ड इंजिनियरने काढली. १९०२ पासून गावच्या कॉर्पोरेशनकडे होती आणि २०१६ च्या जानेवारीत त्यांनीच हात वर केले, तोटा झेपत नाही, बंद करतो. त्याच वर्षी सहा जुन्या गाड्या लिलावात विकल्या पण. लोकांनी बोंब मारली मग बेटाच्या सरकारने लाइन आपल्याकडे घेतली. इथे आपण म्हणणार सुटलो बुवा, पण खरी गंमत पुढेच आहे, कारण त्याच समुद्राकाठच्या रस्त्याचं नूतनीकरण निघालं.

आता ट्रामचे रूळ म्हणजे लोकलसारखे खडीवर टाकलेले नसतात. ते रस्त्यातच बसवतात, वरून गाड्या जायला पाहिजेत, म्हणून रुळाला खाच असलेलं पोलाद वापरतात आणि सगळं काँक्रीटमध्ये गाडून टाकतात. एकदा ते झालं की खाली काही करता येत नाही. म्हणजे आधी पाणी, गॅस, गटार, केबल सगळं खालचं उरकायचं, मग काँक्रीट, मग रूळ. आणि शंभर वर्षं जुन्या रस्त्याखाली काय सापडेल ह्याचा भरवसा नसतो हे तुम्हा गिरगावकरांना मी काय सांगू! त्यात रूळ मधोमध ठेवायचे का समुद्राच्या बाजूला घ्यायचे, पार्किंगचं काय करायचं, दोन लाइनी का एक, ह्यावर वाद. काम लांबलं, मध्ये कोरोना आला, २०२० आणि २०२१ ला ट्राम धावलीच नाही. २०२२ च्या जुलैत आली ती डर्बी कॅसलच्या टोकापासून मधल्या ब्रॉडवे स्टॉपपर्यंत, एवढीच.

लोक चिडलेत ते ह्या अर्धेपणावर. डर्बी कॅसलला उतरलं की समोर बेटाची जुनी विजेची रेल्वे मिळते, ते टोक चालू आहे. दुसरं टोक होतं सी टर्मिनलला, जिथे लिव्हरपूलहून बोट लागते, नेमकं तेच कापलं गेलं. म्हणजे पाहुणा बॅगा घेऊन बोटीतून उतरला तर ट्राम समोर नाही, आधी ब्रॉडवेपर्यंत तंगडतोड करायची मग घोडा. आपल्याकडे कोणी बस सुरू केली आणि स्टेशनच्या अलीकडे चार स्टॉप सोडून दिली तर काय होईल? रिकामी धावेल आणि पुढच्या वर्षी कोणीतरी फाइल काढून म्हणेल बघा, पॅसेंजरच नाहीत. मला विचाराल तर तोट्याचं बीज तिथेच असतं, घोड्याच्या चाऱ्यात नसतं.

रस्ता गाडीवाल्यांसाठी चकाचक झाला, पैसे आणि धीर संपत आला तेव्हा कात्री लागली ती रुळांना. कामात सगळ्यात शेवटी जे यायचं असतं तेच कापलं जातं, आपल्याकडे फुटपाथ कापला जातो तसंच. माझ्या घराखाली गेल्या वर्षी रस्ता काँक्रीटचा झाला, सुंदर झाला, फुटपाथ मात्र एका दुकानापर्यंत येऊन थांबला, तिथून पुढे पेव्हर ब्लॉकची थप्पी आणि त्यावर एक कुत्रं झोपतं. दोनदा कम्प्लेंट केली. उत्तर आलं, काम पूर्ण.

प्रश्न : ताई, मुंबईत पण घोड्यांची ट्राम होती ना? मग टुरिस्टसाठी कुलाबा ते सीएसएमटी परत का नाही करत? किती भारी दिसेल. – एक वाचक, कुलाबा

उत्तर : होती तर, आणि डग्लसच्या दोन वर्षं आधी. ९ मे १८७४ ला सुरू झाली, एक रूट कुलाबा ते क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी. भाडं तीन आणे, तिकीट वगैरे नाहीच. मग भाडं दोन आणे केलं, गर्दी वाढली, लोक फुकट बसायला लागले म्हणून त्याच वर्षी तिकीटं छापावी लागली. म्हणजे विदाउट तिकीटची परंपरा नुसती लोकलची नाही असं समजा. काही गाड्यांना एक घोडा, काहींना दोन. शेवटची घोडा ट्राम १९०५ ला आणि ७ मे १९०७ ला विजेची आली.

परत करायची म्हणाल तर मी नाहीच म्हणेन, रागावू नका. रुळावर ओढायला घोड्याला रस्त्यापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो, लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज फिरत जातं, म्हणून तर एकटा घोडा अख्खी माणसांनी भरलेली गाडी नेतो. पण खरा जोर लागतो तो थांबलेली गाडी हलवताना. डग्लसला सपाट रस्ता, एका बाजूला समुद्र, थंड हवा, घोड्यांना दिवसाला ठरावीकच फेऱ्या. म्हातारे झाले की त्यांच्यासाठी गावाजवळच आश्रम आहे, १९५० पासून. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार, रिगलच्या सिग्नलला डबल पार्किंग, मागून हॉर्न आणि प्रत्येक ब्रेकनंतर परत तीच ओढ. व्हिक्टोरियांचे घोडे कसे उभे असायचे ते आपण पाहिलंय. २०१५ ला हायकोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या, २०२१ ला बॅटरीवरच्या आल्या. घोडा परत जुंपायची हौस आता नको.

आणि समजा बॅटरीची ट्राम करायची ठरली, तरी रूळ टाकायला तोच रस्ता परत खोदणार ना? कुलाब्याच्या दुकानदारांना आधी विचारून बघा. मी लांब उभी राहून ऐकेन.

प्रश्न : ताई, डग्लसच्या ट्रामला मागे फिरायला जागा लागत नाही का? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही लागत, म्हणून तर मजा. गाडी दोन्हीकडून सारखीच असते. शेवटच्या स्टॉपला घोडा सोडतात, तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे जुंपतात, गाडी जागची हलत नाही. जुन्या घोड्यांना इतकी सवय की कुठे उभं राहायचं ते माहीत असतं. तिथे ह्या घोड्यांना ट्रॅमर म्हणतात, शायर आणि क्लाइड्सडेल जातीचे, पाय बघितले तर आपल्या चौपाटीवरचे घोडे म्हणजे शेळ्या वाटतील.

प्रश्न : आमच्या आजी अजून 'दादर टीटी' म्हणतात आणि आण्यात ट्रामने कुठून कुठे जायच्या ते सांगतात. तिला एकदा ट्राम दाखवायचीय, कुठे नेऊ? – एक वाचक, दादर

उत्तर : टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी कंडक्टर आणि टॅक्सीवाले नाव सोडत नाहीत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरलाच आली. आजींना विचारा, त्या रात्री गर्दीत होत्या का.

बघायला तीन जागा. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा डबा ठेवलाय पण तो कोलकात्याचा आहे, आजींना आधी सांगू नका, बघू ओळखतात का. हुतात्मा चौकात कारंज्याच्या आसपास काम चालू असताना डांबराखाली आपले खरे रूळ निघाले, त्यातला तुकडा दिसेल असा ठेवलाय, त्यावरून हात फिरवू दे त्यांना. आणि वेळ असेल तर आणिक डेपोमधलं बेस्टचं म्युझियम, जुनी तिकीटं वगैरे तिथे. टॅक्सीनेच जा, आजींना बसच्या पायऱ्या चढायला लावू नका. आणि सकाळी जा, उन्हाच्या आत.