क्लच कुणाच्या ताब्यात? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात गिअरबॉक्सचाच विषय जास्त आहे. गाडी वेगाची हवी हे सगळ्यांचं ठरलंय, घोडं अडलंय ते मॅन्युअल की ऑटोमॅटिक इथे. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दीड लिटर टर्बो इंजिनाची, १५० पीएसची (अश्वशक्तीची) सेडान घ्यायची आहे. मॅन्युअल आणि डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) दोन्ही मिळतात. राहतो साताऱ्यात, महिन्यातून दोनदा पुणे, आणि रविवारी पहाटे कास किंवा केळघर घाट. शोरूमवाले म्हणतात, आता मॅन्युअल कोण घेतं? मित्र म्हणतात, ऑटोमॅटिक ही स्पोर्ट्स गाडीच नव्हे. — एक वाचक, सातारा

दोघांचंही ऐकू नका. आधी शोरूममध्ये विचारा की ऑटोमॅटिक म्हणजे नेमका कोणता गिअरबॉक्स. एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना मान पुढे जाते आणि मागे येते, म्हणून वेगाच्या गाडीत तो सोडून द्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, तेच ताकद पुढे पोचवतं. डीसीटीत दोन क्लच असतात, पण ते कोरडे आहेत की तेलात बुडालेले, यावर सगळा खेळ आहे. तुम्ही लिहिलेल्या वर्गात, उदाहरणार्थ फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या दीड लिटरच्या गाडीत, सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (डीसीटीचं फोक्सवॅगनचं नाव) येतो.

कोरड्या क्लचचं दुखणं समजायला थोडं गणित करू. पहिल्या गिअरचं आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) गुणोत्तर मिळून साधारण साडेसोळा पट होतं, म्हणजे इंजिनाच्या साडेसोळा फेऱ्यांना चाकाचा एक. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असेल तर चाक मिनिटाला ४८ फेरे घेतं. चाकाचा परीघ दोन मीटरच्या आसपास. म्हणजे मिनिटाला ९६ मीटर, ताशी पावणेसहा किलोमीटर. क्लच पूर्ण जोडलेला असताना गाडी याहून हळू चालूच शकत नाही, इंजिन बंद पडेल. त्याखालच्या प्रत्येक वेगाला क्लच घसरत राहणार.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे अकरा आणि यवतेश्वरचा चढ डोळ्यासमोर आणा. कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग तीन-चार किलोमीटरच्या वेगाने सरकते आहे. तुमचा क्लच सतत अर्धा जोडलेला, वर चढाचा भार आणि गाडीत चार माणसं. घासण्यातून तयार होणारी उष्णता कोरड्या क्लचला आजूबाजूच्या हवेतच सोडावी लागते. ओल्या क्लचला तेल आणि ऑइल कूलर असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरणारं असतं ते तेलच, त्यामुळे तासभर सरकत राहिलात तरी झिजायला तिथे प्लेट नाही. अशा रांगेत सर्वांत निर्धास्त तोच.

मॅन्युअलमध्येही हाफ क्लचवर हीच उष्णता होते. पण तिथे चूक तुमच्या पायाची असते आणि पायाला ती कळते. पेडल जड लागतं, वास येतो, आपण थांबतो. डीसीटीत पायाला काहीच कळत नाही. एकदम मीटरवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते किंवा गाडी गचके द्यायला लागते.

तुमची पुण्याची फेरी हायवेची आहे आणि घाट पहाटेचा, रिकामा. अशा वापराला आमचा कौल मॅन्युअलला. रोज हिंजवडीला जाऊन-येऊन असतात, तर वेगळं लिहिलं असतं.

तरीही डीसीटीच घ्यायची ठरली, तर चढावर तीन सवयी लावून घ्या. पुढच्या गाडीला चिकटून सरकू नका. दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून आठ-दहाच्या वेगापर्यंत सरळ चला आणि पुन्हा पूर्ण थांबा. ब्रेकवर अर्धवट पाय ठेवून सरकणं सर्वांत वाईट. ब्रेक घट्ट दाबला की गिअरबॉक्स क्लच सोडून देतो, अर्धवट दाबला तर तो घासत बसतो. आणि चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तो लावा. तापल्याची सूचना आलीच तर गाडी कडेला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. चार माणसं बसवून चढावर न्या, थांबवा, पुन्हा उचला. मग त्याच चढावर रिव्हर्समध्ये वर घ्या. कोरड्या क्लचची खरी परीक्षा रिव्हर्समध्येच होते.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीने पसरणी घाट उतरून वाईला आलो की ब्रेकचा जळका वास येतो. गाडीत दोष आहे का? — एक वाचक, वाई

दोष बहुधा नसावा, गाडी डी मध्ये उतरवत असाल. डी मध्ये गिअरबॉक्स मायलेज बघतो आणि वरचा गिअर धरतो. इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथेही लागू आहे : ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरा. लिव्हर एम मध्ये (हाताने गिअर बदलायच्या जागी) घ्या, वळणांना दुसरा, मधल्या सरळ तुकड्यांना तिसरा. आरपीएम अडीच-तीन हजारांवर गेला म्हणून घाबरू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंजेक्टर बंद असतात, तेव्हा पेट्रोल जळतच नाही. उलट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचं आयडलचं पेट्रोल जळतं आणि ब्रेकही जळतात.

ब्रेक हलका धरून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा आणि पूर्ण सोडा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. डीओटी ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांचीच असते. ऑइलमध्ये वाफ धरली की पेडल थेट तळाला जातं. वास आला असेल तर गाडी सपाटीवर उभी करा आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका.

प्रश्न : सांगली-आष्टा रस्त्यावर गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॅक्टरना ओलांडताना माझी डीसीटी गाडी क्षणभर विचार करत बसते. आधीच्या मॅन्युअलला असं होत नव्हतं. — एक वाचक, आष्टा

गाडी खरोखरच विचार करत असते. या गिअरबॉक्समध्ये एका क्लचकडे १, ३, ५, ७ हे गिअर असतात आणि दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. चालू गिअर एका क्लचवर असताना पुढचा गिअर दुसऱ्यावर आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल चुटकीसरशी होतो. पण ट्रॅक्टरमागे तीसच्या वेगाने जाताना गिअरबॉक्स मायलेजसाठी चौथ्यात गेलेला असतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबता, हवा असतो दुसरा. चौथा आणि दुसरा दोघंही एकाच क्लचचे. मग मध्ये तिसऱ्याला घेऊन टप्प्याटप्प्याने उतरावं लागतं. त्यात टर्बोला हवा भरायला लागणारा वेळ मिळवा.

ही सेकंदभराची देरी किती महाग पडते बघा. समजा, ट्रॅक्टर २० च्या वेगाने चाललाय, तुम्ही ५० ने ओलांडताय. मागचं अंतर, दोन ट्रॉल्यांसकट लांबी, पुढचं अंतर आणि तुमची गाडी मिळून ५० मीटर धरा. सहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ८३ मीटर पुढे जाता आणि समोरून ८० ने येणारी गाडी १३३ मीटर जवळ येते. म्हणजे सव्वादोनशे मीटर रस्ता मोकळा हवा. एक सेकंद उशीर झाला की आणखी ३६ मीटर.

उपाय सोपा आहे. बाहेर डोकावण्याआधी, ट्रॅक्टरमागे असतानाच डावा पॅडल (स्टिअरिंगमागची गिअर उतरवायची पट्टी) दोनदा ओढून दुसरा घ्या किंवा एस (स्पोर्ट) मोड लावा. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी निघते. मॅन्युअलमध्ये तुम्ही हेच करत होता, गिअर आधी आणि ओलांडणं नंतर. हात रिकामा झाला तशी ती सवयही गेली. अंधार पडल्यावर मात्र कितीही पीएसची गाडी असो, मागे दिवा नसलेली ट्रॉली आधी दिसली पाहिजे. तिथे गिअरबॉक्स काही करू शकत नाही.

प्रश्न : बीएमडब्ल्यू एम२ दोन्ही प्रकारांत मिळते. ऑटोमॅटिक जास्त वेगवान असेल, तर मॅन्युअल घेण्यात अर्थ काय? — एक वाचक, कराड

आकडे असे आहेत. ४८० पीएसच्या एम२ ला शून्य ते शंभर गाठायला आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ४.० सेकंद लागतात, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये ४.२. ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन मीटर टॉर्क मिळतो, मॅन्युअलला ५५०. कागदावर निकाल लागला. पण सेकंदाचा पाचवा भाग कुंभार्ली घाटात कुठे वापरणार? पॉर्शने २०१३ साली ९११ जीटी३ फक्त पीडीके या ऑटोमॅटिकमध्ये काढली होती आणि २०१७ मध्ये त्याच गाडीला मॅन्युअलचा पर्याय परत दिला. जीटी३ म्हणजे ट्रॅकवर सेकंद मोजणाऱ्यांची गाडी. त्यांनाही तिसरं, म्हणजे क्लचचं, पेडल हवं होतं, याचा अर्थ सेकंदापलीकडेही काहीतरी विकलं जातं. ते तुम्हाला हवं असेल तर घ्या, नसेल तर ऑटोमॅटिक घ्या, त्यात कमीपणा नाही. ती टॉर्क कन्व्हर्टरची आहे, तेव्हा कोल्हापूर नाक्याच्या गर्दीत क्लचची काळजीही नाही.

मॅन्युअलचा एक धोका मात्र ठाऊक असू द्या. जोरात पळवताना तिसऱ्यातून चौथ्यात जायच्या ऐवजी दुसऱ्यात टाकली, तर काय होतं? दुसऱ्याचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.३५ धरू. ६,५०० आरपीएमला गिअर बदललात आणि क्लच सोडलात की चाकं इंजिनाला ६,५०० × २.० ÷ १.३५ म्हणजे ९,६०० च्या वर फिरवतात. आरपीएम लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो, चाकांना अडवू शकत नाही. व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत पिस्टन वर येतो आणि दोघांची गाठ पडते. ऑटोमॅटिक अशी आज्ञा पाळतच नाही. चूक टाळायची तर गिअर नॉब मुठीत आवळू नका. तिसऱ्यातून चौथ्यात ओढताना तळहाताने सरळ मागे घ्या, स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत ठेवते. घाईत डावीकडे, अंगापासून लांब ढकललात की दुसरा लागलाच.

प्रश्न : २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघितली, ७४,००० किलोमीटर झाली आहे. मालक म्हणतो, गिअर ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं. काय तपासू? — एक वाचक, सांगली

मालकाची गल्लत झाली आहे किंवा तो तुमची करतोय. ‘लाइफटाइम’ तेल कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीत असतं. या २३० पीएसच्या गाडीत सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आहे आणि त्याचं तेल फिल्टरसकट दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. क्लचची झिज त्याच तेलात उतरते, म्हणून. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

तेल बदलताना पाच लिटरच्या थोडं वर लागतं. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, स्कॅनर लावून बघायची असते. तापलेल्या गाडीत मापलं तर तेल फुगलेलं असतं, पातळी बरोबर दिसते आणि प्रत्यक्षात तेल कमी राहतं. गॅरेजवाल्याकडे तापमान वाचणारा स्कॅनर नसेल, तर तिथे करू नका.

गाडी थंड असताना सुरू करून बघा, मग अर्धा तास चालवून तापवा. दुसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमच्या आसपास हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्या. थरथर जाणवली तर क्लच किंवा तेल. डी मधून आर मध्ये टाकल्यावर गिअर लागायला वेळ घेत असेल, किंवा मीटरवरचा गिअरचा आकडा लुकलुकत असेल, तर मेकाट्रॉनिककडे (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटकडे) संशय. फॉल्ट कोड तुमच्या समोर स्कॅन करायला लावा, आधीच पुसून ठेवलेले नकोत.

आणि गाडी सांगलीतच वापरलेली आहे, तेव्हा ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन पुरांत ती कुठे उभी होती, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ असते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचे वायरिंगचे कनेक्टर बघा. विम्याचा जुना क्लेम कंपनीकडून काढून घ्या. गिअरबॉक्सला वर हवा जायचं छिद्र असतं, पाणी तिथवर चढलं असेल तर आत गेलेलं असतं. ड्रेन बोल्ट सैल करून थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या. चहासारखं दुधाळ दिसलं, तर बोल्ट परत आवळा आणि मालकाला नमस्कार करून निघा.