परदेशात मुलाचा पहिला चष्मा: तिथेच करावा की सुट्टीत गावी आल्यावर?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमध्ये शाळेतल्या तपासणीत 5 वर्षांच्या मुलाला चष्मा लागण्याची शक्यता सांगितली आहे, तर पुढची तपासणी आणि चष्मा तिथेच करावा की दिवाळीत जळगावला आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांकडे. तिथेच करा आणि दिवाळीची वाट पाहू नका.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, आमची मुलगी त्याच वयाची असताना हाच विषय चोपड्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर गाजला. थोरल्या दिरांचे म्हणणे, ‘इतली धाकली पोरले चष्मा कसाले?’ त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, गाजर खाऊ घाला, नंबर आपोआप उतरेल. तिकडच्या लोकांची ही सगळी दुकानदारी आहे. हा दुकानदारीचा आरोप मला आजही झोंबतो, कारण इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी सरकारी आरोग्यसेवेतून मोफत होते, चष्म्यासाठी व्हाउचर मिळते आणि साधी फ्रेम निवडली तर बहुधा खिशाला हात लावावा लागत नाही.

दिरांचा मुख्य पुरावा असा की, केळीच्या बागेच्या पार टोकाला उभा असलेला ट्रॅक्टर तिला सगळ्यांच्या आधी दिसतो. दिसतच होता, पण उजव्या डोळ्याने. थेंब घालून तपासल्यावर उजव्या डोळ्याचा नंबर जेमतेम प्लस एक आणि डाव्याचा प्लस साडेचार निघाला होता. असा फरक असला की मेंदू धूसर डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू बाजूला सारतो, आणि मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. सुट्टीत ओट्यावर बसलेल्या दिरांसमोर मी तिचा चष्मा काढून डावा डोळा तळहाताने झाकला, तेव्हा ती पुस्तकातली चित्रे भराभर सांगत राहिली. उजवा झाकताच तिने माझा हात ढकलला आणि मान वाकडी करून बोटांच्या फटीतून पाहू लागली. ‘पोर नाटक करस,’ एवढे बोलून त्यांनी बाजारातून घेतलेला वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि पेपर उघडला. त्यांना चष्मा चालतो, मुलीच्या जातीला मात्र चालत नाही, हे त्यांनी तोंडाने म्हटले नाही इतकेच.

मेंदूने असा बाजूला सारलेल्या, म्हणजे ‘आळशी’ झालेल्या डोळ्यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगले लागू पडतात. चष्मा लागल्यावर नजर कित्येक आठवडे सुधारत राहते, त्यानंतरच चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची का ते ठरते, आणि मधल्या काळात पुन्हा पुन्हा तपासावे लागते. हे तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसणारे काम नाही. शिवाय मुलांच्या चष्म्याच्या दांड्या सतत वाकतात आणि भिंग नाकावरून घसरले की मूल त्याच्या वरून पाहते. तेवढ्यासाठी जळगावचे दुकान कामाला येत नाही. थेंब न घालता केवळ यंत्रावर काढलेला नंबर मात्र कोणत्याही देशात मान्य करू नका, कारण लहान मुले डोळ्याला ताण देऊन प्लस नंबर लपवतात.

आपल्या मुलाचा नंबर थोडाच मायनस आणि दोन्ही डोळ्यांचा सारखा निघाला, तर इतकी घाई नसते, हे सांगायला हवे. आपण आखातात किंवा अमेरिकेत असता, तर पैशांचा हिशेबही वेगळा झाला असता. जळगावच्या डॉक्टरांविषयी माझी काहीच तक्रार नाही. जास्तीचा चष्मा तिथे अवश्य करा, फक्त दोन बाहुल्यांमधले अंतर इंग्लंडच्या चिठ्ठीवर सहसा लिहिलेले नसते, ते दुकानात मोजून घ्या. आमच्याकडे तो दुसरा चष्मा दरवर्षी दीरच करून देतात, आणि फ्रेम गुलाबीच हवी यावर काका-पुतणीचे एकमत आहे.