गोळ्या सुरू केल्या आणि मानेला गाठी आल्या

"गोळ्या सुरू करेपर्यंत मी बरा होतो, मॅडम. तुमच्या औषधानंच आजारी पडलो." एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रातल्या माझ्या टेबलासमोर हे वाक्य महिन्यातून एकदा तरी येतंच. म्हणून एका भावाबहिणीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दादा पिठाच्या गिरणीत कामाला. वय चौतीस. एचआयव्हीचं निदान झालं तेव्हा सीडी-४, म्हणजे आजारांशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, होता फक्त ६२. तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली, पहिल्या महिन्याला येऊन गेले. त्यानंतर एक दिवस त्यांची थोरली बहीण त्यांना दंडाला धरून घेऊन आली. ताप, आणि मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढ्या दोन गाठी.

मी बाटली मागितली. दुसऱ्या महिन्याची होती, सुरू करून तेरा दिवस झालेली. गोळ्या टेबलावर ओतून मोजल्या तर तीसपैकी सव्वीस शिल्लक. म्हणजे नऊ दिवस गोळी बंद.

"मीच बंद करायला सांगितलं," ताई म्हणाल्या. "औषध अंगावर आलंय त्याच्या. डोळ्यांदेखत वाळत चाललाय."

मी त्यांना बोल लावला नाही. भावाला वाचवायलाच त्यांनी ते केलं होतं. नवीन असताना मी अशा वेळी भरभर समजवायला बसायचे. आता आधी विचारते.

"दादा, घरातली एखादी गोष्ट सांगा, जी नीट करायला घेतली आणि आधी जास्तच बिघडल्यासारखी वाटली."

ते बराच वेळ गप्प होते. बहिणीनं तोंड उघडलं, तिला मी हातानंच थांबवलं. मग ते हळूच म्हणाले, "गिरणीत उंदीर झाले होते. दिसायचे नाहीत, पोती तेवढी कुरतडलेली. मालकानं मांजर आणलं. त्या रात्री एवढा धिंगाणा, की शेजारी उठून आले."

"मग उंदीर मांजरानं आणले?"

"नाही. ते होतेच की."

"आणि मांजर हाकललं असतं तर?"

त्यांनी टेबलावरच्या गोळ्यांकडे पाहिलं. एकेक उचलून स्वतःच बाटलीत भरायला लागले. सव्वीसच्या सव्वीस. त्या दोन मिनिटांत मी एक शब्दही बोलले नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामात जमलेली सर्वांत चांगली गोष्ट मी हीच समजते. माणसानं स्वतः लावलेला अर्थ घरी गेल्यावरही टिकतो; मी सांगितलेला दारातच सांडतो.

खरं घडतं तेही असंच. सीडी-४ फार खाली असतं तेव्हा शरीर नीट लढत नाही, त्यामुळे आत लपलेला टीबी अनेकदा ताप-गाठींतून पुढे येत नाही. एआरटीनं ताकद परतू लागली की शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि सूज, ताप, गाठी दिसतात. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं. दादांच्या गाठीतलं पाणी सुईनं काढून सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी केली, टीबी निघाला. टीबीचे सहा महिन्यांचे उपचार लागले, एआरटी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एआरटीतलं डोल्युटेग्राविर हे औषध रक्तात कमी पडतं, म्हणून त्याची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यायची, हे ताईंनी वहीत लिहून घेतलं. लघवी केशरी होईल, तेही सांगून ठेवलं, नाहीतर पुन्हा घाबरगुंडी. सूज फारच असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण ते मनानं कधीही घ्यायचं नाही.

मला वाचणाऱ्यांना एवढंच विनवायचं आहे: गोळी बंद करण्याआधी केंद्रात या. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं एकही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, दम लागणं, नजर अंधुक होणं, बोलण्यात गोंधळ, डोळे पिवळे होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेंदूतला टीबी किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असेल तर एआरटी कधी सुरू करायची हे वेगळं ठरतं; काही आठवडे थांबावंही लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा. सीडी-४ २००च्या खाली असेल तर त्रास नसतानाही क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी आणि टीबीसाठी लघवीची तपासणी झाली का, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे. रोजची कोट्रिमोक्साझोलची गोळी 'साधी अँटिबायोटिक' म्हणून टाळू नका. न्यूमोनियासारखे जंतुसंसर्ग तीच अडवते.

माझंही एक चुकलं होतं. पहिल्या दिवशी मी दादांना "आता बरं वाटेल" एवढंच म्हणाले होते. आता पहिली बाटली हातात देतानाच सांगते: "महिना-दोन महिन्यांत ताप किंवा गाठ आली तर गोळी सोडायची नाही, इथं यायचं."

उपचार संपले तेव्हा दादांच्या गाठी विरल्या होत्या, वजन सात किलोंनी वाढलं होतं. बाकावर एक नवा मुलगा बाटली मुठीत धरून बसला होता. दादा त्याच्या शेजारी जाऊन टेकले आणि गिरणीतल्या मांजराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.